उन्हाळ्यात गाडी काढताय? आधी बाह्या खाली करा

दर मे महिन्यात तेच. अर्ध्या बाहीचा टी-शर्ट, पायात चप्पल, हेल्मेट आरशाला लटकवलेलं. विचारलं तर उत्तर ठरलेलं, “काका, चालू गाडीवर हवा लागते ना!”

हवा लागते, पण कसली? आपल्या कातडीचं तापमान 35 अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून गार असेल तोवर वारा अंगातली गरमी काढून नेतो. विदर्भात पारा 45 वर गेला की तोच वारा उलट अंग तापवतो. 2013 च्या मे महिन्यात नागपुरात 47.9 अंशांची नोंद झाली होती. तशा दिवशी तुमची ती ‘हवा’ म्हणजे भट्टीचा भाता. वर घाम इतक्या झटक्यात वाळतो की घाम आलाच नाही असं वाटतं. संध्याकाळी शर्टावर मिठाची पांढरी नक्षी दिसली की कळतं, किती पाणी गेलं ते.

माझा भाचा पुण्याचा. गेल्या खेपेला नागपूरहून चंद्रपूरला दोन गाड्यांवर निघालो. पहाटे पाचला निघायचं ठरलं होतं, साहेब उठले आठला आणि रस्त्याला लागेपर्यंत दहा वाजले. मी तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. बुटीबोरीला पाणी पी म्हटलं, तर म्हणे “मामा, तहान नाहीये.” जाम गावाच्या पुढे तो माझ्या समोर चालत होता. त्याचा उजवा इंडिकेटर चालू होता. वळण नाही, ओव्हरटेक नाही, तरी तीन-चार किलोमीटर तो आपला लुकलुकतोय. मग गाडी हळूहळू पांढऱ्या पट्टीकडे सरकायला लागली. हॉर्न दिला तरी मान वळेना. शेवटी बाजूला जाऊन हातानं खुणावून थांबवला. हेल्मेट काढल्यावर म्हणतो काय, “मामा, थंडी वाजतेय.” भर उन्हात हातावर काटा आलेला.

टपरीवाल्याला सांगावं लागलं नाही. “भाऊ, पोट्ट्याले पहिले सावलीत घ्या,” म्हणत त्यानं बाकडं कडुलिंबाखाली ओढलं. बूट-मोजे काढले, मान आणि काखा ओल्या दुपट्ट्यानं भिजवल्या, पुठ्ठ्यानं वारा घातला. सरळ बोलत होता म्हणून ओआरएस घोट-घोट पाजलं. बोलणं बरळल्यासारखं असतं, तर तोंडात पाणी ओतत बसलो नसतो, 108 लावला असता. तेव्हा अंग भिजवत राहायचं आणि दवाखाना गाठायचा, दुसरं काही नाही. आम्ही पाच वाजेपर्यंत तिथंच बसलो.

ऊन आधी डोकं मंद करतं, चक्कर नंतर येते. इंडिकेटर बंद करायला विसरलात, गिअर चुकायला लागला, की थांबायची वेळ होऊन गेली समजा. म्हणून मी तहानेवर विसंबत नाही. दर 40 किलोमीटरला उतरतो, तहान असो-नसो पाणी पितो. ओआरएसची पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात चहाच्या चमच्यानं सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. अंगात पूर्ण बाहीचा सुती शर्ट, तो पंपावरच्या नळाखाली भिजवायचा आणि वर जॅकेट. आपल्याकडे वीस मिनिटांत कोरडा होतो, तोवर मात्र कूलर लावल्यासारखं वाटतं. कोकणात ही युक्ती फारशी चालत नाही. दमट हवेत घामच वाळत नाही, मग ओला शर्ट काय वाळणार! अकरा ते चार गाडी उभी. ज्यांना हे जमत नाही त्यांनी एसटीनं जावं.

दुसरा माझा राग टायरच्या हवेवरचा. “उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, नाहीतर टायर फुटतो” हे कुणी पसरवलं देव जाणे. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, जास्त वाकतो आणि त्यानंच जास्त तापतो. मीही एकदा फसलोय. अमरावतीहून दुपारी आलो, पंक्चरवाल्यानं तापल्या टायरला गेज लावला, आकडा जास्त दिसला आणि त्यानं फुस्स करून हवा सोडली. मला पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मागचं चाक डुलायला लागलं. थंड टायरला मोजली तर हवा पाच पौंडांनी कमी! तापल्या टायरचा आकडा वर जाणारच, कंपनी ते धरूनच आकडा देते. तेव्हा सकाळी, गाडी फिरवण्याआधी मोजा आणि स्टिकरवरचा आकडा ठेवा. गेज दोनशे-तीनशे रुपयांना मिळतो, मोबाइलच्या कव्हरवर त्याहून जास्त घालता.

टाकी फुल केली की उन्हात स्फोट होतो हा मेसेज दरवर्षी येतो. होत नाही. फक्त झाकणापर्यंत ठासून भरू नका, पेट्रोल फुगून बाहेर गळतं.

तापल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. बिअर मुक्कामी पोचल्यावर, रात्री.

आणि डांबरावर साइड स्टँड लावाल तर खाली काहीतरी चपटं ठेवा. दुपारी डांबर मऊ होतं, स्टँड हळूहळू रुततो आणि चहा पिऊन येईस्तोवर गाडी आडवी. मी डिक्कीत डब्याचं एक जुनं झाकण ठेवतो. मागच्या वर्षी ते वरोऱ्याला डांबरातच चिकटून राहिलं, आता दुसरं घेतलंय.