पेद्रो इतुराल्दे ऐकायचाय? मग सुरुवात इथून करा

इतुराल्दे म्हणजे जॅझ आणि फ्लामेंको (दक्षिण स्पेनचं पारंपरिक संगीत) एकत्र वाजवणारा स्पॅनिश सॅक्सोफोनवादक. आधी त्याची १९६७ ची 'जॅझ फ्लामेंको' ही रेकॉर्ड लावा, हिस्पावॉक्स कंपनीची, आणि थेट त्यातल्या 'सोलेआरेस' वर जा. पहिल्यांदा नुसतं ऐका. दुसऱ्यांदा बोटांवर बारा मात्रा मोजा, जोर ३, ६, ८, १० आणि १२ वर, कारण सोलेआ हा फ्लामेंकोतला प्रकार याच हिशोबाने चालतो. सुरुवातीला मोजणी चुकणारच, तरी सोडू नका, कारण हा ठेका कानात बसला की सॅक्सोफोन कुठे त्याला धरून चालतोय आणि कुठे मुद्दाम मागे रेंगाळतोय ते कळायला लागतं आणि खरी मजा तिथेच आहे.

मग सुरांकडे या. फ्लामेंकोचे सूर बरेचसे आपल्या भैरवीच्या जवळचे, कोमल रिषभावरून षड्जावर उतरणं तर सारखं येतं, त्यामुळे आपल्या कानाला हे परकं वाटतच नाही. इतुराल्दे जॅझच्या मोकळ्या तानेत कितीही लांब गेला तरी परत याच उतरणीवर येतो, ती जागा पकडायची.

यानंतर 'फ्लामेंको जॅझ' ही दुसरी रेकॉर्ड घ्या (नाव उलटं आहे, गोंधळू नका), त्यात गिटारवर फ्लामेंकोचा प्रसिद्ध वादक पाको दे लुसिया आहे, तेव्हा फक्त १९ वर्षांचा! त्यातलं 'एल वितो' हे दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियाचं लोकगीत आधी कुणाच्या तरी आवाजात ऐकून घ्या, मगच रेकॉर्ड लावा, म्हणजे चाल कुठे मोडली आणि कुठे जपली ते दिसतं. 'कान्सिओन देल फ्वेगो फातुओ' चं पण तसंच, मूळ स्पॅनिश संगीतकार मान्वेल दे फायाचं. सगळं एकाच दिवशी ऐकू नका प्लीज.

माणसाबद्दल थोडं: जन्म १९२९, नवारा प्रांतातलं फाल्सेस गाव. माद्रिदच्या व्हिस्की जॅझ क्लबमध्ये कितीतरी वर्षं वाजवलं, पुढे अमेरिकेतल्या बर्कली संगीत महाविद्यालयात शिकायला गेला आणि नंतर माद्रिदच्या कॉन्झर्वेटरीत, म्हणजे संगीत विद्यालयात, सॅक्सोफोन शिकवला. २०२० मध्ये गेला.

शेवटी 'पेकेन्या चार्दा' ठेवा, सॅक्सोफोन आणि पियानोसाठी १९४९ मध्ये, विशीच्या आसपास लिहिलेली रचना. यात फ्लामेंको शोधू नका, ही चार्दाश या हंगेरियन नाचाच्या वळणाची, आधी संथ आणि मग एकदम पळणारी. आजही सॅक्सोफोन शिकणारी मुलं ती वाजवतात, दोन-तीन जणांचं वाजवणं पाठोपाठ ऐका आणि संथ भागात कोण किती थांबतंय तेवढंच बघा.