रक्त पातळ करायची गोळी चालू असताना बाम, तेल आणि पुड्या कशा सांभाळायच्या

ज्यांच्या घरात कोणाला हृदयाचा व्हॉल्व्ह (झडप) बसवलाय किंवा पायात रक्ताची गाठ झाली म्हणून वॉरफरिन नाहीतर असिट्रोमची गोळी चालू आहे, त्यांनी हे शेवटपर्यंत वाचा, कारण डॉक्टर पालेभाजीचं सांगतात, दारूचं सांगतात, पण देवळीत ठेवलेल्या तेलाच्या बाटलीचं बरेचदा राहून जातं आणि आपणही विचारत नाही.

आमच्या मायला मेटलचा व्हॉल्व्ह आहे. गाव आमचं दोंडाईच्याकडं, आयएनआर करायला धुळ्याला जातो, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघायची तपासणी, आकडा चढला की रक्त जास्त पातळ झालं समजायचं. दोन वर्षं रिपोर्ट बरोबर रेंजमध्ये येत होता. मग एका डिसेंबरात कापूस वेचणी चालू होती, थंडी होती, आणि रोज संध्याकाळी ती म्हणायची, "भाऊ, घुडगा भलता दुखस रे, जरासं तेल लाई दे." यात्रेतून आणलेलं दुखण्याचं तेल होतं, वास एकदम उग्र, लावलं की थंड मग गरम. मीच लावून द्यायचो, दोन्ही गुडघे आणि कंबर, वरून लोकरीचं फडकं बांधायचो आणि शेगडीपाशी बसवायचो. साधारण तीन आठवडे. एके दिवशी दात घासताना हिरड्यांतून रक्त थांबेना, मांडीवर तळहाताएवढा काळानिळा डाग, काही लागलेलं नसताना. आयएनआर सहाच्या वर निघाला. डॉक्टरांनी विचारलं नवीन काही चालू केलं का, तर आम्ही दोघं एका सुरात नाही म्हणालो, कारण तेल लावणं आपण औषधात धरतच नाही ना. वासावरून त्यांनीच ओळखलं.

त्या तेलात काय असतं ते सांगतो. गंधपुरा म्हणून एक झुडूप आहे, निलगिरीच्या डोंगरात, हिमालयात, ईशान्येकडं वाढतं, त्याच्या पानांचं तेल म्हणजे विंटरग्रीन तेल, आणि ते जवळपास सगळंच मिथाइल सॅलिसिलेट असतं, ९८ टक्क्यांच्या आसपास. सॅलिसिलेट म्हणजे अ‍ॅस्पिरिनच्या घराण्यातला पदार्थ. शुद्ध गंधपुरा तेल एक छोटा चमचा म्हणजे ५ मिली घेतलं तर त्यात सुमारे ७ ग्रॅम सॅलिसिलेट, म्हणजे ३२५ मिलिग्रॅमच्या वीस-एकवीस अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्यांएवढं. लहान लेकरानं एवढं पिलं तर जीव जाऊ शकतो, म्हणून गोळी कोणाची चालू असो वा नसो, अशी बाटली लेकरांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका.

कातडीवर लावलं की सगळं आत जात नाही हे खरं, पण थोडं जातंच, आणि रोज, मोठ्या भागावर, वरून बांधून, शेक घेत, घामात लावलं की जास्त जातं. आम्ही नेमकं हे सगळं एकत्र करत होतो. रक्तात गेलेलं सॅलिसिलेट प्रथिनाला चिकटून बसलेली वॉरफरिन सुटी करतं आणि गोळीचा जोर वाढतो, जास्त प्रमाणात असलं तर रक्त गोठायला लागणाऱ्या व्हिटॅमिन केच्या कामातही आडवं येतं. हाँगकाँगच्या डॉक्टरांनी १९९० च्या दशकातच मालिशच्या तेलानं आयएनआर चढलेल्या पेशंटबद्दल लिहून ठेवलंय. म्हणजे नवीन काही नाही, फक्त आपल्या गावापर्यंत पोचलं नाही.

आता करायचं काय.

पहिलं, आज संध्याकाळी घरातल्या सगळ्या ट्यूब, बाम, स्प्रे, रोल-ऑन, तेलाच्या बाटल्या एका जागी आणा. गादीखालचं, शेतातल्या झोपडीतलं, पर्समधलं सुद्धा. मागची बारीक अक्षरं शाळेत जाणाऱ्या पोराला वाचायला सांगा. कुठंही "सॅलिसिल" असा उच्चार आला, सॅलिसिलेट असो की सॅलिसिलिक अ‍ॅसिड, की ती वस्तू बाजूला. विंटरग्रीन, गॉल्थेरिया, गंधपुरा, गंधपुरो हे शब्द दिसले तरी बाजूला. आयुर्वेदिक लिहिलंय म्हणजे चालेल असं समजू नका, उलट गंधपुरा हे नाव त्याच डब्यांवर जास्त सापडतं. दुखण्याच्या बऱ्याच जेलमध्ये मिथाइल सॅलिसिलेटसोबत डायक्लोफेनॅक पण असतं, ते दुसरं पेनकिलर, म्हणजे दोन्ही बाजूनं त्रास. आणि लेबलच नसलेली बाटली, बाजारातल्या माणसानं स्वतः बनवलेली, ती सरळ नकोच.

दुसरं, तोंडातलं जेल. हे कोणालाच माहीत नसतं. तोंड आलं किंवा दाढ दुखली की मेडिकलवाला छोटी ट्यूब देतो, तिच्यात बरेचदा कोलीन सॅलिसिलेट असतं आणि तोंडाच्या आतल्या नाजूक कातडीतून ते पटकन शोषलं जातं. तोंडातल्या बुरशीवरचं मायकोनाझोल जेल तर वेगळ्याच मार्गानं आयएनआर फार वाढवतं, ते सॅलिसिलेट नाही, पण याच दुकानात याच कारणासाठी मिळतं म्हणून इथं सांगून ठेवतो. मेडिकलमध्ये तोंड उघडायच्या आधी "रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे" हे वाक्य बोलायचं, रोजचा ओळखीचा दुकानदार असला तरी.

गजकर्णाचं मलम, सोरायसिसचं मलम, पायाच्या कुरूपाची पट्टी, पिंपल्सचा फेसवॉश यातपण सॅलिसिलिक अ‍ॅसिड असतं. बोटाएवढ्या जागेवर थोडे दिवस लावलं तर सहसा फार बिघडत नाही, पण अंगभर गजकर्ण आहे आणि दिवसातून दोनदा चोपडताय तर डॉक्टरांना विचारूनच. चिरलेली, सोललेली कातडी औषध जास्त पिते. आपल्याकडं गुडघ्याला बिब्याचा चटका द्यायची सवय आहे, तिथं आधी कातडी जळते आणि मग लोक त्यावरच तेल चोळतात, कृपा करून हे गोळी चालू असलेल्या माणसाला करू नका.

तिसरं, पोटात जाणाऱ्या पुड्या. अंगदुखी-डोकेदुखीच्या गोळ्या किराणा दुकानात सुट्या मिळतात, त्यातल्या काहींत अ‍ॅस्पिरिन असतं. पण एक गोष्ट नीट ऐका, तुमच्या हार्टच्या डॉक्टरांनीच वॉरफरिनसोबत ७५ची अ‍ॅस्पिरिन लिहून दिली असेल तर ती माझं वाचून बंद करू नका, त्यांनी हिशोब करून दिलीय, बंद करायचं ते आपल्या मनानं जोडलेलं. सांधेदुखीच्या बिनानावाच्या पुडीत पेनकिलर किंवा स्टेरॉइड मिसळलेलं निघतं असं कित्येकदा झालंय, त्यामुळं "गुण लगेच येतो" ही तारीफ ऐकली की मी तर घाबरतोच. सप्लिमेंटमध्ये विलो बार्क, सॅलिक्स (विलो झाडाची साल, अ‍ॅस्पिरिनच्याच घराण्यातली) लिहिलेलं असेल तर नको. आपल्या नदीकाठचा वाळुंज त्याच कुळातला आहे, कोणी त्याच्या सालीचा काढा सांगितला तर तोही नको. लसणाच्या, हळदीच्या, जिंकोच्या, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल यांत सॅलिसिलेटचा मुद्दा नाही, पण त्यांनीही रक्तस्राव वाढू शकतो, आणि व्हिटॅमिन के असलेली मल्टीव्हिटॅमिन उलट गोळीचा जोर कमी करते. म्हणून कोणताही डबा उघडायच्या आधी त्याचा फोटो डॉक्टरांना दाखवा.

आता जेवण, कारण घाबरून लोक इथंच चुकतात. इंटरनेटवर याद्या फिरतात, हळद बंद, जिरं बंद, मिरची बंद, द्राक्षं बंद. वनस्पतीत सॅलिसिलेट असतं हे खरंय, मसाल्यात तर बरंच. १९८५ साली ऑस्ट्रेलियात पदार्थ मोजले होते, त्यात करी पावडरला १०० ग्रॅममागे २१८ मिलिग्रॅम निघालं, हळदीला ७६. पण एका माणसाच्या ताटात मसाला जातो किती, चार-पाच ग्रॅम, म्हणजे नऊ ते अकरा मिलिग्रॅम. चमचाभर तेलातले सात हजार आणि हे दहा, तुम्हीच बघा. त्यामुळं काळ्या मसाल्याची शेवभाजी, ठेचा, भरीत, कळण्याची भाकरी, सगळं चालू द्या. केळीत, दुधात, डाळींत, ज्वारी-बाजरीत तर सॅलिसिलेट जवळजवळ नसतंच. म्हाताऱ्या माणसाचं जेवण अळणी करून टाकलं तर ते खाणंच कमी करतं आणि खाणं कमी झालं की आयएनआर वर जातो, म्हणजे करायला गेलो एक.

जेवणात सांभाळायचं ते दुसरं आहे, पालेभाजी. मेथी, पालक, अंबाडी, शेवग्याचा पाला यात व्हिटॅमिन के असतं. बंद करायची नाही, पण हिवाळ्यात रोज जुडी आणि उन्हाळ्यात महिनाभर काहीच नाही असं करायचं नाही. दर आठवड्याला साधारण सारखीच खा. (अ‍ॅस्पिरिननं दमा उठणाऱ्यांचा विषय वेगळा आहे, त्यांनी मसाल्याचं वरचं माप धरू नका, आपल्या डॉक्टरांशीच बोला.)

बाम चुकून लावला गेला असेल तर? एकदा कपाळावर बोट फिरवलं म्हणून धावपळ नको, साबणानं धुवा आणि पुढं लावू नका. आठवडाभर चोळत असाल तर फोन करून आयएनआर लवकर करून घ्या आणि तेलाची बाटली सोबत न्या. गोळी आपल्या मनानं बंद किंवा अर्धी करायची नाही, मेटलच्या व्हॉल्व्हवर गाठ बसली तर ते रक्तस्रावापेक्षा कमी वाईट नाही. डांबरासारखी काळी शौच, लाल लघवी, दहा मिनिटं दाबूनही न थांबणारं नाक, अचानक भयंकर डोकं दुखणं, किंवा डोक्यावर पडणं, भले वरून काही दिसत नसेल, यातलं काहीही झालं तर फोनवर वेळ घालवू नका, थेट हॉस्पिटल.

आणि दुखणं तर राहतंच, त्याचं काय, हे माय पण विचारायची. आम्ही आता मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकतो, आधी माझ्या हातावर लावून बघतो, मग साधं तिळाचं तेल हलक्या हातानं, जोरात रगडायचं नाही कारण त्यानंही डाग पडतात. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितली तेवढीच, कारण तीही रोज जास्त घेतली तर आयएनआर चढवते. वेचणीला वाकण्याऐवजी ती आता खळ्यावर बसून कापूस निवडते. यात्रेची ती बाटली मी फेकली नाही, तिचा फोटो मायच्या आयएनआरच्या फाईलला पहिल्या पानावर चिकटवलाय, खाली लाल पेननं लिहिलंय, हे लावायचं नाही. पाहुणे बाम घेऊन आले की माय तीच फाईल काढून दाखवते.