टॅरिफची बातमी वाचून माल लादू नका: गोव्यातल्या निर्यातदारांनी या चुका टाळा

27 ऑगस्ट 2025 ला गोव्यात गणपतीची चवथ होती. त्याच सकाळी 9 वाजून 31 मिनिटांनी, म्हणजे वॉशिंग्टनमध्ये मध्यरात्र उलटून एक मिनिट झालं तेव्हा, बऱ्याचशा भारतीय मालावरचा अमेरिकेचा जादा कर 25 वरून 50 टक्क्यांवर गेला. आदल्या आठवड्यात कुंकळ्ळीपासून वेर्ण्यापर्यंत ज्यांचा अमेरिकेचा माल तयार होता, त्यांची एकच धावपळ चालली होती: कंटेनर न्हावा शेव्याला पोचवायचा, बोटीवर चढवायचा, की सुटलो. माटोळी बांधायची सोडून माणसं ट्रकच्या मागे होती.

मी वास्कोत निर्यातीची कागदपत्रं बघतो. त्या आठवड्यात प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारत होतो: तिकडे माल सुटणार कधी? कारण वाटेत असलेल्या मालाला जुनाच 25 टक्के दर लावण्याची जी सवलत होती, तिच्या अटी दोन होत्या. माल त्या वेळेआधी बोटीवर चढलेला हवा, आणि 17 सप्टेंबरच्या आत अमेरिकेत त्याची कस्टम्स नोंद झालेली हवी. मध्ये फक्त एकवीस दिवस. तांबडा समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या बोटीला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पोचायला महिन्याहून जास्त लागतो. म्हणजे 25-26 तारखेला घाईने चढवलेला माल त्या सवलतीत बसणारच नव्हता. पहिली अट सगळ्यांना पाठ होती, कारण ती बातमीत होती. दुसरी आदेशाच्या मजकुरात होती. म्हणून पहिलं सांगणं हेच: दर बदलला असं कळलं की मूळ आदेश मागवा आणि त्यातल्या तारखा आपल्या बोटीच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून बघा. वाचायला अर्धा तास लागतो.

एकच आकडा धरून भाव देणे

बातमीत एक टक्केवारी असते. पेटीवर मात्र थर बसतात. गोठवलेल्या कोळंबीचंच घ्या. अमेरिकेत तिच्यावर मूळ आयात शुल्क शून्य. त्यावर 50 टक्के आले, आणि भारतीय कोळंबीवर आधीपासून असलेलं अँटी-डम्पिंग (फार स्वस्तात माल ओतण्याविरुद्धचं) आणि काउंटरव्हेलिंग (सरकारी अनुदानाचा फायदा काढून घेणारं) शुल्क वेगळंच. सगळं मिळून बोजा सुमारे 58 टक्क्यांवर गेला. अँटी-डम्पिंगचा दर कंपनीगणिक बदलतो, त्यामुळे शेजारच्या कारखान्याचा आकडा आपल्याला लागू होईलच असं नाही.

याच्या उलट चूकही मी पाहिली आहे. एका पार्टीने कोळंबीचा हा 58 चा आकडा माकूलसाठी (स्क्विड) धरला आणि ऑर्डर सोडून दिली. ते अँटी-डम्पिंग शुल्क कोळंबीपुरतंच आहे, माकूलवर नाही. गोव्यातून माकूल बरंच जातं, तेव्हा हा फरक आपल्यासाठी लहान नाही.

शिवाय टक्के कशावर मोजायचे, हेही देशागणिक वेगळं आहे. माल 100 रुपयांचा आणि भाडं-विमा 8 रुपये असेल, तर अमेरिका 100 वर कर लावते. युरोप आणि ब्रिटन 108 वर लावतात.

काजू गोव्यात फोडला म्हणून भारतीय ठरतो, असं समजणे

ही चूक सर्वांत खोल आहे आणि हिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. आपल्या कारखान्यांत सत्तरीची, केप्याची बी येते तशी आफ्रिकेचीही येते. गर काढला, प्रतवारी केली, डबा भरला की तो गोव्याचा काजू, असं आपण म्हणतो. व्यापार करारातली सवलत मात्र उगमाच्या नियमावर, म्हणजे माल कोणत्या देशाचा धरायचा यावर मिळते, आणि तो नियम एचएस कोडच्या (कस्टम्समध्ये वस्तू ओळखायचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) अंकांवर चालतो.

टरफलासकट काजूबीचा कोड 080131, सोललेल्या गराचा 080132. पहिले चार अंक तेच आहेत. करारात चार अंकी शीर्षक बदलायला हवं अशी अट असेल, तर आफ्रिकेची बी गोव्यात फोडून निघालेला गर उगमाच्या परीक्षेत नापास. सहा अंकी बदल पुरेसा असेल, तर कोडच्या अटीतून पास. तरीही पुढे बघावं लागतं, कारण काही करारांत सोलणं, फोडणं ही कामं उगम देण्याइतकी मोठी नाहीत असं स्पष्ट लिहिलेलं असतं. भाजून मीठ लावलेला काजू तर आठव्या प्रकरणातून उठून विसाव्यात, 2008 खाली जातो. एकाच कारखान्याच्या दोन डब्यांना दोन वेगळे नियम लागू शकतात.

त्यामुळे गोव्याची बी आणि बाहेरची बी वेगळी ठेवा: वेगळी गोणी, वेगळं रजिस्टर, शेतकऱ्याकडून घेतलेल्या मालाची पावती. उगमाचा दाखला ऑनलाइन मिळतो, पण तो मिळाला म्हणजे तपासणी संपली असं नाही. समोरच्या देशाची कस्टम्स नंतरही पुरावा मागू शकते. आपल्याकडेही 21 सप्टेंबर 2020 पासून लागू असलेल्या कॅरोटार नियमांनुसार, कराराची सवलत घेणाऱ्या आयातदाराला उगमाची माहिती पाच वर्षं जपून ठेवावी लागते. मिसळलेल्या गोण्यांचा हिशेब वर्षभराने कोणालाच लागत नाही.

सही झाली म्हणजे सवलत सुरू झाली, असं धरणे

ब्रिटनबरोबरच्या व्यापार करारावर 24 जुलै 2025 ला सह्या झाल्या. दुसऱ्याच दिवशी फेणीवाल्यांचे फोन सुरू झाले, कारण बातम्यांत फेणीचं नाव होतं. त्यांचा आनंद मला मनापासून समजतो. 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं हे पेय, त्याला बाहेर ओळख मिळावी ही इच्छा माझीही आहे. पण वाटाघाटी संपणं, सही होणं आणि करार अमलात येणं हे तीन वेगळे दिवस असतात. ऑस्ट्रेलियाच्या करारावर 2 एप्रिल 2022 ला सही झाली आणि तो 29 डिसेंबरला लागू झाला. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड, लिख्टेनश्टाइन यांच्या एफ्टा गटाशी 10 मार्च 2024 ला करार झाला आणि तो लागू व्हायला 1 ऑक्टोबर 2025 उजाडलं. युरोपीय संघाबरोबर 27 जानेवारी 2026 ला जाहीर झालं, तेही फक्त वाटाघाटी पूर्ण झाल्याचं. गिऱ्हाइकाला भाव देताना तिसरी तारीखच धरा. ती आलेली नसेल तर जुन्या दराने भाव द्या.

कर कोण भरणार हे करारपत्रात न लिहिणे

कर तिथला आयातदार भरतो. पण तुम्ही डीडीपी अटीवर, म्हणजे तिथला करही विकणाऱ्यानेच भरायचा या बोलीवर, माल दिला असेल, तर तो भार तुमच्या खिशातून जातो. 2025 मध्ये कित्येकांनी गिऱ्हाईक टिकवायला 10-15 टक्के भाव उतरवून दिला, तोही फोनवर, कागदावर काही नाही. पुढे 2 फेब्रुवारी 2026 ला भारतासाठी 18 टक्क्यांची घोषणा झाली. 20 फेब्रुवारीला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी निकाल दिला की, ज्या आणीबाणी कायद्याखाली हे कर बसवले, त्यात कर लावण्याचा अधिकारच नाही. मग 1974 च्या व्यापार कायद्याच्या कलम 122 खाली 150 दिवसांची मर्यादा असलेला नवा कर आला.

असा भरलेला कर परत मिळायचा झाला, तर तो कस्टम्सच्या नोंदीवरच्या आयातदाराला मिळतो, सूट देणाऱ्या तुम्हाला नाही. म्हणून सूट देताना ईमेलवर दोन ओळी घ्या: ही सूट अमुक करापोटी आहे, आणि तो कमी झाला किंवा परत मिळाला तर सूट त्याच प्रमाणात मागे घेतली जाईल. गिऱ्हाईक कुरकुर करेल, पण बहुतेक जण मान्य करतात.

टपालाने माल पाठवणाऱ्यांसाठी एक. अमेरिकेत 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलला असलेली करमाफी 29 ऑगस्ट 2025 पासून बंद झाली. आपल्या टपाल खात्यानेही काही आठवडे तिकडचं बुकिंग थांबवलं होतं. रंगवलेल्या टाइल्स, शंखशिंपल्यांच्या वस्तू ऑनलाइन विकणाऱ्या म्हापसा-मडगावच्या बायकांना याचा फटका बसला. आता प्रत्येक पार्सलवर वस्तूचा एचएस कोड आणि खरी किंमत लिहा. ‘गिफ्ट’ लिहून पाठवलेलं पार्सल अडकलं की ते सोडवायला वस्तूच्या किमतीपेक्षा जास्त खर्च येतो.