ब्रिटनमधल्या विद्यापीठाच्या बिग बँडमध्ये खुर्ची मिळवायची असेल तर

व्हिसा हातात पडला की कुकर, मसाले, कपडे यांच्या याद्या होतात आणि वाद्य न्यायचं की घरी ठेवायचं हा प्रश्न शेवटच्या आठवड्यावर जातो. सॅक्सोफोन, ट्रम्पेट किंवा ट्रॉम्बोन वाजवत असाल तर वाद्य सोबत घेऊनच निघा. इथल्या विद्यापीठांतल्या जॅझ बिग बँडच्या ऑडिशन्स पहिल्या सत्राच्या पहिल्या दोन आठवड्यांत, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला उरकतात. डिसेंबरच्या सुट्टीत घरून वाद्य आणेपर्यंत खुर्च्या भरलेल्या असतात. मग जानेवारीत कुणी सोडलं तरच जागा, नाहीतर पुढचं वर्ष.

खुर्च्या मोजक्या असतात, कारण बिग बँडमध्ये प्रत्येकाचा सूर वेगळा लिहिलेला असतो. पाच सॅक्सोफोन (दोन आल्टो, दोन टेनर, एक बॅरिटोन), चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन (त्यातला चौथा बहुधा बास ट्रॉम्बोन), आणि पियानो, गिटार, बास, ड्रम्स असा ऱ्हिदम सेक्शन. झाले १७. गायक किंवा गायिका वेगळी. ऑर्केस्ट्रात एकाच ओळीवर दहा व्हायोलिन बसतात, तशी सोय इथे नाही. एका ओळीला एकच माणूस, आणि तो आला नाही तर त्या कॉर्डमधला (एकत्र वाजणाऱ्या सुरांमधला) एक सूर गायब होतो. गैरहजेरीबद्दल हे लोक एवढे कडक का असतात, याचं उत्तर इथेच आहे.

फ्रेशर्स वीकमध्ये, म्हणजे नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताच्या आठवड्यात, स्टुडंट्स युनियनचा मेळावा भरतो. तिथे बँडचं टेबल शोधा, नाव आणि वाद्य लिहा, आणि ऑडिशनची वेळ त्याच दिवशी घ्या. बऱ्याच विद्यापीठांत दोन बँड असतात, एक निवडून घेतलेला आणि दुसरा थोडा सैल, काही ठिकाणी सगळ्यांसाठी खुला. दुसऱ्या बँडला कमी लेखू नका. वाचनाची सवय तिथेच होते, आणि पहिल्या बँडमध्ये कुणी आजारी पडलं की हाक तिथूनच दिली जाते. अशा बदली वादकाला इथे 'डेप' म्हणतात. वर्गणी विद्यापीठागणिक बदलते. पैसे युनियनच्या संकेतस्थळावरून भरायचे असतात, आणि बहुतेक सोसायट्या (बँड चालवणारी विद्यार्थ्यांची मंडळं) ऑडिशनचा निकाल लागेपर्यंत ती मागत नाहीत. विचारून घ्या.

गर्दी कुठे असते तेही आधीच कळलेलं बरं. आल्टो, पियानो, गिटार आणि गायन या चार जागांसाठी रांग लागते. बॅरिटोन सॅक्स, बास ट्रॉम्बोन, डबल बास आणि वरचे सूर टिकवणारा पहिला ट्रम्पेट यांची चणचण असते. आल्टो वाजवणाऱ्याने बॅरिटोनला तयारी दाखवली तर काम निम्मं झालंच म्हणा. दोन्ही वाद्यं ई फ्लॅटची, बोटं तीच, लिहिलेला सूर तोच, फक्त आवाज एक सप्तक खाली. बॅरिटोन महाग असल्यामुळे पुष्कळदा तो सोसायटीच्या किंवा संगीत विभागाच्या मालकीचा असतो. मोठ्या माउथपीसला श्वास जास्त लागतो. दोन-तीन आठवडे खालचे सूर लांब धरण्याचा सराव केला की जमतं.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडून येणारी मुलं सोलोची तयारी करून येतात आणि वाचनावर अडकतात. ऑडिशन साधारण दहा मिनिटांची असते. एक तयार तुकडा, मग न पाहिलेलं पान समोर ठेवतात, आणि वेळ उरली तर ब्लूजवर एखादं आवर्तन. यात वजन पडतं ते दुसऱ्या भागाचं. बँड आठवड्यातून एकदा दोन-तीन तास भेटतो आणि सत्राच्या आत पंधरा-वीस चार्ट (बँडसाठी लिहिलेल्या रचना) उभे करतो, त्यामुळे सूर पाठ व्हायची वाट पाहायला कुणाला सवड नसते. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या संगीत परीक्षा घेणाऱ्या संस्थांच्या ग्रेड ६ ते ८ एवढं वाचन आलं पाहिजे. प्रमाणपत्र मात्र कुणी मागत नाही, पान मागतात.

पान समोर आलं की अर्धा मिनिट मिळतो. त्यात सुरांकडे पाहू नका. आधी की-सिग्नेचर (कोणते सूर फ्लॅट किंवा शार्प ते सांगणारी खूण), मग पुनरावृत्तीच्या खुणा, डी.एस. ही मागे नेणारी खूण कुठे परत नेते, कोडा म्हणजे शेवटचा तुकडा कुठे आहे, आणि सगळ्यात गुंतागुंतीचा ऱ्हिदम कोणत्या बारमध्ये (बहुधा चार मात्रांच्या खणात) आहे ते शोधा. तो बार मनात एकदा म्हणा. वाजवायला लागल्यावर थांबायचं नाही आणि मागे जाऊन दुरुस्त करायचं नाही. चुकीचा सूर योग्य जागी पडला तर चालतो, पण योग्य सूर मागाहून आला की शेजारचे चौघे अडखळतात.

बिग बँडच्या पानावर सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात जास्त चुकणारी जागा एकच. चौथ्या मात्रेच्या उत्तरार्धावर सूर सुरू होतो आणि बांधून पुढच्या बारमध्ये नेलेला असतो. नवखा माणूस तो पुढच्या बारच्या पहिल्या मात्रेवर वाजवतो, आणि अर्धी मात्रा उशीर होतो. तबला शिकलेल्यांना हे लवकर उमगतं: समेच्या आधीच येऊन बसणारं हे अनागत आहे. पहिल्या मात्रेवर काही वाजत नाही, फक्त पाय पडतो. घरी सराव करताना मोठ्याने 'एक-अँड-दोन-अँड-तीन-अँड-चार-अँड' म्हणा आणि फक्त शेवटच्या 'अँड'वर टाळी द्या. टाळी पायाच्या आधी पडली पाहिजे.

टाळीवरून आठवलं, आपला कान समेवर जोर द्यायला घडलेला असतो. स्विंगमध्ये, म्हणजे बिग बँडच्या झोकदार चालीत, जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. ड्रमरचा हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) तिथेच मिटतो. मेट्रोनोम १२०ला लावण्याऐवजी ६०ला लावा आणि प्रत्येक ठोका दोन आणि चार समजून वाजवा. पहिले दोन दिवस सगळं उलटं वाटेल, मग आपोआप बसतं. क्वेव्हरची (अर्ध्या मात्रेच्या सुरांची) जोडी समान लिहिलेली असली तरी मध्यम लयीत पहिला सूर साधारण दुप्पट लांब वाजतो, तीन भागांतले दोन आणि एक. दादऱ्याची चाल कानात असेल तर ही वाटणी ओळखीची वाटेल. लय वाढली की जोडी समान होत जाते. दोनशेच्या वर जाऊन तीच झोकदार वाटणी धरून ठेवलीत तर वाजवणं लंगडतं.

सुरांच्या नावांचा घोळ पहिल्या तालमीत प्रत्येकाचा होतो. संगीत दिग्दर्शक 'कॉन्सर्ट बी फ्लॅट द्या' म्हणतो. 'कॉन्सर्ट' म्हणजे प्रत्यक्ष ऐकू येणारा सूर. हा सूर म्हणजे आपली काळी पाच. पियानो, बास, गिटार आणि ट्रॉम्बोन तो बी फ्लॅट म्हणूनच वाजवतात. ट्रम्पेट आणि टेनरच्या पानावर तो सी असतो, आल्टो आणि बॅरिटोनच्या पानावर जी. 'कॉन्सर्ट एफ' म्हटलं, म्हणजे पांढरी चार, तर ट्रम्पेट-टेनरला जी आणि आल्टो-बॅरिटोनला डी. आपल्या वाद्याचे बारा सूर असे पाठ करूनच ऑडिशनला जा, कारण ब्लूज बहुधा कॉन्सर्ट बी फ्लॅट नाहीतर एफमध्ये मागतात.

ब्लूज बारा बारचा. चार बार पहिल्या कॉर्डवर (षड्जावर उभ्या असलेल्या), दोन चौथ्यावर (मध्यमावरच्या), दोन परत पहिल्यावर, मग पाचव्याकडे (पंचमावरच्या) जाऊन शेवटी घरी. जोग रागातले दोन्ही गंधार आणि कोमल निषाद ज्याच्या कानात आहेत त्याला ब्लूजचे सूर परके वाटत नाहीत. अडचण होते ती पाचव्या बारमध्ये. खालचा आधार बदलतो, आणि पहिल्या कॉर्डवर गोड वाटणारा शुद्ध गंधार तिथे टोचतो. त्या जागी कोमल गंधार घ्या. आवर्तन बाराव्या बारमध्येच संपवा. पुढचं आवर्तन दुसऱ्याचं आहे.

हार्मोनियमवरून पियानोकडे वळलेल्यांसाठी एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. सी मायनर सेव्हन, एफ सेव्हन, बी फ्लॅट मेजर सेव्हन हा क्रम शेकडो चार्टमध्ये येतो. डाव्या हातात कॉर्डचा मूळ सूर धरायचा नाही, तो बासवाल्याचा. प्रत्येक कॉर्डचा फक्त तिसरा आणि सातवा सूर घ्या. सी मायनर सेव्हनचे ई फ्लॅट आणि बी फ्लॅट. एफ सेव्हनला ई फ्लॅट जागचा हलत नाही, बी फ्लॅट अर्ध्या सुराने उतरून ए होतो. बी फ्लॅट मेजर सेव्हनला ए तसाच, आणि ई फ्लॅट उतरून डी. तीन कॉर्ड, आणि हात जागेवरच. पियानोवाला जितके सूर कमी दाबेल तितकं ब्रास (ट्रम्पेट-ट्रॉम्बोन) मोकळं ऐकू येतं. गिटारवाल्यांनी काउंट बेसीच्या बँडमधला फ्रेडी ग्रीन ऐकावा. १९३७ ते १९८७ अशी पन्नास वर्षं त्याने एकेका बारला चार ठोके एवढंच इमान राखून वाजवलं, आणि अख्खा बँड त्यावर उभा राहिला.

खुर्ची मिळाली की कान 'लीड'कडे ठेवायचा. पहिला ट्रम्पेट, पहिला ट्रॉम्बोन आणि पहिला आल्टो हे आपापल्या रांगेच्या मधल्या भागात, शक्यतो एकामागे एक बसतात. सूर किती लांब, किती जोरात, कुठे तोडायचा हे ते ठरवतात. लीडने सांगितलं 'ऑफ ऑन फोर', म्हणजे सूर चौथ्या मात्रेवर तोडायचा, की पानावर ४ लिहा. पेन्सिलने. एका चार्टचा पूर्ण संच कित्येक पौंडांना पडतो आणि वर्षानुवर्षं वापरला जातो. त्यातलं तिसऱ्या ट्रम्पेटचं एक पान हरवलं तरी संच अडतो. लीडपेक्षा मोठं वाजवणं हा नवख्यांचा ठरलेला दोष आहे. तिसऱ्या-चौथ्या खुर्चीवरच्या माणसाला स्वतःचा आवाज थोडा कमी ऐकू आला पाहिजे.

सामानाचं थोडक्यात. सॅक्सोफोनच्या माउथपीसवर बसणारी वेताची पट्टी, म्हणजे रीड, दोन प्रतींत ठेवा, रोजची आणि तालमीची, कारण हीटर लागला की कोरड्या हवेत त्या वाकड्या होतात. ट्रम्पेट-ट्रॉम्बोनला स्ट्रेट आणि कप म्यूट (तोंडात बसवून आवाज बदलणारी बुचं) लागतात, ट्रम्पेटला हार्मन जातीचं म्यूटसुद्धा. पानावर 'प्लंजर' लिहिलेलं दिसलं तर संगीताच्या दुकानात जाऊ नका. बेसिन तुंबल्यावर वापरतात त्या पंपाचं रबर हार्डवेअरच्या दुकानातून आणा, दांडा काढा. ट्रम्पेटला छोटं, ट्रॉम्बोनला मोठं. ड्रमसेट जागेवर असतो, पण स्नेअर, झांजा आणि पेडल ज्याचे त्याने आणायचे. ट्रम्पेटच्या पुढे बसणाऱ्यांनी कानात घालायचे प्लग घ्यावेत, आणि ते आधीपासूनच वापरावेत, कान दुखायला लागल्यावर नाही. बाहेर पाच अंश असताना आत येऊन लगेच सूर मिळवू नका. गार वाद्याचा सूर उतरलेला असतो, आणि वीस मिनिटांनी तेच वाद्य चढतं. दहा मिनिटं फुंकून मग मिळवा. वसतिगृहाच्या खोलीत वाजवण्यावर वेळेचं बंधन असतं, म्हणून सरावखोल्यांचं बुकिंग पहिल्याच आठवड्यात समजून घ्या. वाद्याचे फोटो आणि त्यावरचा क्रमांक जपून ठेवा. वसतिगृहाच्या विम्यात एका वस्तूवर मर्यादा असते, आणि चांगला सॅक्सोफोन ती सहज ओलांडतो.

व्हिसाचा मुद्दा गंभीरपणे घ्या. स्टुडंट व्हिसावर व्यावसायिक कलाकार म्हणून काम करता येत नाही आणि स्वतंत्र धंदाही करता येत नाही. बँडला एखाद्या बॉलचे (नृत्यसमारंभाचे) किंवा लग्नाचे पैसे मिळतात तेव्हा ते सोसायटीच्या खात्यात जातात. पण कुणी 'शनिवारी दुसऱ्या बँडमध्ये डेप करशील का, ऐंशी पौंड देतो' म्हटलं, तर इंग्लिश मित्र हो म्हणेल, तुम्ही म्हणायचं नाही. आठवड्याला २० तासांची मुभा ही नोकरीसाठी आहे, तिच्यात हे बसत नाही. पैशाचा संबंध येणाऱ्या कोणत्याही कार्यक्रमाआधी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी सल्लागाराला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

तालमीनंतर सगळे पबमध्ये जातात. दारू पीत नसाल तर संत्र्याचा रस घेऊन बसा, कुणाला खटकत नाही. पण निदान पहिले चार आठवडे जा, कारण कोणता चार्ट निवडायचा, कुणाला सोलो द्यायचा, उन्हाळ्यातल्या दौऱ्याला कोण येणार, हे तिथेच ठरतं. कार्यक्रमाला अंगभर काळे कपडे लागतात, मोजे आणि बूटसुद्धा काळे.

बऱ्याच सोसायट्या विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या चार्टना एखादी संध्याकाळ देतात. आपल्याकडे यासाठी खजिना आहे. गोव्यातल्या अल्दोनाचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट मुंबईत जॅझ वाजवत होते, आणि पुणतांब्याच्या संगीतकार सी. रामचंद्रांनी १९५०च्या सुमारास स्विंग हिंदी सिनेमात आणला. त्या वळणाची चाल घेऊन १७ जणांसाठी लिहिता येते. मूळ गाण्यावर कुणाचा कॉपीराइट असेल तर मांडणीसाठी प्रकाशकाची परवानगी मात्र घ्यावी लागते. पहिल्या खेपेला सॅक्सच्या पाच ओळी आणि ऱ्हिदम एवढंच लिहा आणि तालमीच्या शेवटची दहा मिनिटं मागून वाजवून घ्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये नव्या कमिटीची निवडणूक होते. चार्टची कपाटं सांभाळणाऱ्या ग्रंथपालाच्या पदाला फारसं कुणी उभं राहत नाही. त्याला उभे राहा, कपाटातले सगळे चार्ट वर्षभर हाताखालून जातात.