न्यूट्रोफिलचा स्राव मोजताना: पेशी आधीच भडकू देऊ नका

न्यूट्रोफिल ही जंतूंशी लढणारी पांढरी रक्तपेशी, आणि फार हलक्या कानाची. काचेची नळी, जोराचा धक्का, उन्हात तापलेला डबा, एवढ्यानंही ती ग्रॅन्यूल (एन्झाइमनं भरलेल्या आतल्या पिशव्या) सोडू लागते. म्हणून रक्त प्लास्टिकच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत घ्या आणि दोन तासांच्या आत काम सुरू करा. बीड-लातूरहून मोटारसायकलच्या डिक्कीत संभाजीनगरला आणलेला नमुना या चाचणीसाठी वायाच गेला समजा.

१० मिली रक्तात तेवढंच ३ टक्के डेक्स्ट्रान (तांबड्या पेशी खाली बसवणारं द्रावण) मिसळून अर्धा तास उभं ठेवा. वरचा थर फायकॉलवर (पेशी घनतेनुसार वेगळ्या करणारं द्रावण, घनता १.०७७) अलगद सोडून ४०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट), ३० मिनिटं, २० अंशांवर, ब्रेक बंद ठेवून फिरवा. मराठवाड्यात मे महिन्यात खोलीचं तापमान ३५ च्या पुढे असतं. तापलेल्या फायकॉलची घनता उतरते आणि तळाला बसलेल्या न्यूट्रोफिलमध्ये लिम्फोसाइट (दुसऱ्या पांढऱ्या पेशी) मिसळतात. तेव्हा गारवा देणारा सेंट्रिफ्यूजच हवा. उरलेल्या तांबड्या पेशी ०.२ टक्के सलाईनमध्ये बरोबर ३० सेकंद फोडा, लगेच तेवढंच १.६ टक्क्यांचं घाला, मिश्रण ०.९ वर येतं. तीस सेकंदांचा मिनिट झाला, तर न्यूट्रोफिलही फुटतात.

पेशी कॅल्शियमविना बर्फावर ठेवा. १ मिलीमोलर कॅल्शियम अगदी शेवटी घाला, कारण ग्रॅन्यूल बाहेर पडायला तेच लागतं. ३७ अंशांवर सायटोकॅलॅसिन-बी (पेशीचा आतला सांगाडा सैल करणारं; ५ मायक्रोग्रॅम/मिली) ५ मिनिटं, मग एफएमएलपी (पेशीला चेतवणारं जंतूसारखं पेप्टाइड) १ मायक्रोमोलर, १० मिनिटं. कंट्रोलला तेवढंच डीएमएसओ, म्हणजे ही औषधं विरघळवलेला द्रव. बर्फावर थांबवून पेशी खाली बसवा.

स्रावाचे टक्के = वरच्या द्रवातलं मायलोपेरॉक्सिडेज (ग्रॅन्यूलमधलं एन्झाइम) ÷ ट्रायटॉन या डिटर्जंटने फोडलेल्या तेवढ्याच पेशींमधलं × १००. बफरमध्ये सोडियम अझाइड असेल तर हे एन्झाइम ठप्प होतं आणि स्रावच नाही असं वाटतं. सोबत एलडीएच (पेशी फुटली तरच बाहेर येणारं एन्झाइम) बघा. ते वाढलं असेल तर तो स्राव नव्हे, मेलेल्या पेशी.

फ्लो सायटोमीटरवर पेशीच्या पृष्ठभागावर सीडी६६बी हे प्रथिन चढलं म्हणजे स्पेसिफिक ग्रॅन्यूल सुटले, सीडी६३ चढलं म्हणजे अझुरोफिल ग्रॅन्यूल. पहिले सहज सुटतात, दुसरे सायटोकॅलॅसिनशिवाय फारसे नाहीत. कंट्रोलमध्येच सीडी६६बी चढलेलं दिसलं, तर दोष पेशी वेगळ्या करण्यातच झाला.

स्राव घडवणारी प्रथिनं वेगळी: स्पेसिफिक ग्रॅन्यूलवरचं व्हॅम्प-२, पेशीपटलावरचं सिंटॅक्सिन-४ आणि स्नॅप-२३ यांची वेणी पडते, तेव्हा दोन पटलं एक होतात. हे वेस्टर्न ब्लॉटवर (अँटीबॉडीनं प्रथिनं ओळखायची पद्धत) बघायचं तर पेशी थेट उकळत्या एसडीएस बफरमध्ये (प्रथिनं उलगडणाऱ्या डिटर्जंटच्या) टाका, आधी पीएमएसएफ (प्रथिनं कापणारी एन्झाइम रोखणारं) देऊन. साध्या बफरमध्ये फोडल्या, की त्यांचंच इलास्टेज (प्रथिनं कापणारं एन्झाइम) ही प्रथिनं खाऊन टाकतं, आणि आपण अँटीबॉडीला दोष देत बसतो.