माडावर एन्कार्सिया सोडायची तर आधी पात उलटी करा

माडाच्या पातीखाली पांढरी गोल नक्षी आणि खालच्या झावळ्यांवर काजळी, म्हणजे काळी बुरशी, दिसली की दुकानदार औषधाची बाटली पुढे करतो. घेऊ नका. ही रुगोज चक्राकार पांढरी माशी. भारतात ती पहिल्यांदा २०१६ मध्ये तमिळनाडूतल्या पोल्लाचीच्या माडांवर सापडली, आता कोकणातही ठाण मांडून आहे. तिचा वैरी एन्कार्सिया ग्वाडेलूपे, गांधीलमाशीच्या भावकीतला, पण एक मिलिमीटरही न भरणारा. पांढऱ्या माशीच्या पिलात तो अंडं घालतो, अळी पिलाला आतून खाते. माणसाला डसत नाही. हे सगळेच विचारतात.

फवारणी बंद करा. पिवळे चिकट सापळे उतरवा, त्यांत हा मित्रही अडकतो. मग हा मित्र मिळवायला औषध न मारलेली, माशी मुरलेली वाडी गाठून माडावर चढणाऱ्या पाडेल्याकडून खालची एखादी झावळी उतरवून घ्या.

खरी मेख पुढे आहे. पहिल्या वर्षी मी झावळीचे दिसतील तसे तुकडे केले आणि शेजाऱ्याच्या वाडीत चक्क पांढरी माशीच नेऊन सोडली. त्याचे टोमणे अजून खातोय. म्हणून भिंगाशिवाय हे काम करूच नका. पात उलटी करा, मुलांच्या रंगपेटीतल्या मऊ ब्रशने मेणाचा कापूस हलकेच झटका. खाली पिवळसर पिलं दिसली तर ती जिवंत माशी. काळपट कोष असतील तर आत एन्कार्सिया आहे. काजळीला फसू नका; ती पातीच्या वरच्या अंगाला असते आणि बोटाने पुसते. काळपट कोषाला गोल भोक असेल तर पाहुणा उडून गेला, तुकडा फेका. पांढरी माशी बाहेर पडते तेव्हा गोल भोक नाही, इंग्रजी टी अक्षरासारखी चीर राहते. बिनभोकाचे काळपट कोष ज्यावर दाट, तेवढेच तुकडे ठेवा. त्यावरची पिवळी पिलं अंगठ्याने चिरडा.

दहा सेंटिमीटरचे तुकडे, एकरी दहा, त्याच दिवशी कीड लागलेल्या पातींच्या खालच्या अंगाला स्टेपल करा. निरोगी माडावर लावून उपयोग नाही, तिथे त्याला खायला काय?

खालच्या झावळ्या तोडून जाळा, असं सांगणाऱ्याला वाडीबाहेर काढा. जुन्या झावळ्यांवरच तर हे कोष असतात. काजळी डोळ्यांत खुपत असेल तर एक टक्का स्टार्चचं पाणी फवारा, वाळली की पापुद्रे सुटतात.

महिन्याभराने त्याच माडाची पात उलटून बघा. मी भोकं आणि चिरा दोन्ही मोजून वहीत लिहितो. भोकं जास्त भरली की त्या माडाला पुन्हा हात लावत नाही.