बाईकच्या बॅटरीवर हॉर्न, लाइट, चार्जर जोडताय? या चुका टाळा

नागपूरजवळच्या मनसरच्या अलीकडे, रात्री नऊच्या सुमारास, टाकीखालून रबर जळाल्याचा वास आला. आधी वाटलं, पुढच्या ट्रकचा क्लच असेल. ट्रक निघून गेला, वास मात्र सोबतच राहिला. गाडी कडेला घेतली, किल्ली बंद केली, तरी धूर थांबेना. जळणारी हॉर्नची वायर किल्लीला विचारतच नव्हती. थेट बॅटरीतून निघालेली होती. सीट काढून टर्मिनलपासून उपटेपर्यंत दोन बोटं भाजली.

पंधरा दिवसांपूर्वी नागपुरातल्याच एका दुकानात जोडीचे हॉर्न बसवून घेतले होते. मी फ्यूजचं विचारलं, तर मिस्त्री म्हणाला, "फ्यूजनं आवाज दबते भाऊ. डायरेक्ट देतो ना, काही होत नाही." मीही मान डोलावली. वायर हँडलच्या नेकजवळ टायनं करकचून बांधली होती. हँडल वळलं की ती चेसिसवर घासायची. पंधरा दिवसांत वरचं प्लास्टिक सोललं आणि उघडी तार लोखंडाला लागली.

चेसिस म्हणजे बॅटरीची निगेटिव्हच. 'बारा व्होल्टच तर आहे' असं आपण म्हणतो, पण झटका बसत नाही म्हणजे आग लागत नाही असं थोडंच आहे? स्टार्टर फिरवताना हीच इवलीशी बॅटरी क्षणभर पन्नासेक अँपिअर सहज देते. तेवढा करंट हॉर्नच्या बारीक वायरीतून गेला की वायर हीटरची कॉइल होते.

फ्यूज हॉर्नसाठी नसतो

हॉर्न जळला तर काही शेकड्यांचं नुकसान. फ्यूज वाचवतो तो वायरिंगला, आणि वायरिंगच्या डोक्यावर पेट्रोलची टाकी असते. म्हणून फ्यूजची जागा बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतरात. पुष्कळ जण तो हॉर्नजवळ लावतात, हाताशी असावा म्हणून. मग बॅटरीपासून तिथपर्यंतच्या मीटरभर वायरीला फ्यूजचं संरक्षणच राहत नाही, आणि माझी वायर त्याच टप्प्यात घासली होती.

आवाज फ्यूजनं दबत नाही. तो दबतो बारीक वायरीनं आणि गंजलेल्या जोडानं.

किती अँपिअरचा लावायचा, याचा हिशेब सोपा आहे. वस्तूवर लिहिलेले वॅट भागिले बारा. वीस वॅटचे दोन एलईडी लाइट म्हणजे ४० वॅट, साधारण ३.३ अँपिअर, त्याला ५ चा फ्यूज. मोबाइल चार्जरला ३ चा पुरतो. हॉर्नची जोडी मिळून सात-आठ अँपिअर ओढत असेल तर १० चा. वायर बघा: चार्जरला अर्धा चौरस मिलिमीटर चालते, लाइटला एक, हॉर्नला दीड. घराच्या फिटिंगमधून उरलेली एकतारी वायर वापरू नका. गाडीच्या थरथरीनं ती आतल्या आत मोडते आणि बाहेरून धड दिसते. बारीक अनेक तारांची ऑटो वायरच घ्या.

५ चा फ्यूज वारंवार उडतो म्हणून १५ चा टाकणं हा आपल्याकडचा लाडका इलाज. त्याहून पुढचा म्हणजे सिगारेटच्या पाकिटातली चांदी. फ्यूज उडतोय तर कुठे तरी वायर घासतेय, पाणी शिरलंय किंवा लोड जास्त आहे. ते शोधा. ब्लेड फ्यूजमध्ये साडेसातचा तपकिरी, दहाचा लाल, पंधराचा निळा. रंग लक्षात ठेवलेत तर दुकानदारानं काय खुपसलंय ते झाकण उघडताच कळतं.

गाडीत वीज मोजकीच असते

१०० ते १२५ सीसीच्या गाड्यांत बॅटरी साधारण ३ ते ५ एएचची (अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) असते. धावताना स्टेटर वीज तयार करतो आणि आरआर (रेग्युलेटर-रेक्टिफायर) युनिट ती आवरून बॅटरीला देतं. पण कंपनीनं हा हिशेब गाडीच्या स्वतःच्या गरजेपुरता केलेला असतो. त्यात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट सतत चालूच राहतो, म्हणजे उरतं आणखी कमी.

अंदाज बांधत बसू नका. दोनशे-तीनशे रुपयांत साधा मल्टिमीटर मिळतो. रात्रभर उभ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसतात. गाडी सुरू करून रेस दिली की १३.८ ते १४.५ च्या दरम्यान यायला हवेत. आता चार्जर, लाइट, सगळं चालू करा आणि इंजिन आयडलवर सोडा. आकडा १२.५ च्या खाली घसरत गेला तर समजा, व्हरायटी चौकाच्या लांब सिग्नलला तुमचे लाइट बॅटरी खात बसतात. रेस दिल्यावरही १३.५ गाठत नसेल तर जास्तीचा लोड काढा. आणि १५ च्या वर जात असेल तर गाडी आधी आरआर युनिटसाठी मिस्त्रीकडे न्या, नवीन काही जोडू नका. जादा व्होल्टेज नागपूरच्या मे महिन्यात बॅटरीला फार लवकर संपवतं. पंचेचाळीस अंशांत उन्हात उभी गाडी आधीच तापलेली असते.

जी वायर दिसेल तिला टोचू नका

हेडलाइटच्या मागे हात घालून सापडेल त्या वायरीला चिमटा लावणं सर्रास चालतं. कार्बोरेटरच्या कित्येक जुन्या गाड्यांत हेडलाइट स्टेटरच्या एसीवर, म्हणजे बॅटरीत न जाता थेट येणाऱ्या विजेवर चालतो. त्यावर मोबाइल चार्जर लावला की रेसबरोबर व्होल्टेज नाचतं आणि चार्जर काही दिवसांत मरतो. मग आपण चार्जरच्या कंपनीला शिव्या घालतो. बीएस-६ नंतरच्या, म्हणजे एप्रिल २०२० पासूनच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत तर ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) आणि सेन्सरच्या वायरींना हातच लावू नये. जुनी गाडी बॅटरी मेली तरी किकनं सुरू व्हायची. इंजेक्शनच्या गाडीचा पेट्रोल पंपच विजेवर चालतो.

बरोबर पद्धत अशी: करंट थेट बॅटरीतून फ्यूजमार्गे, आणि 'चालू हो' एवढा इशारा गाडीच्या वायरिंगमधून. मधे रिले, म्हणजे इशारा मिळाला की मोठा करंट चालू करणारी स्विचची डबी. तिच्या पिनांवर आकडे छापलेले असतात. ३० वर फ्यूजमधून आलेली बॅटरीची पॉझिटिव्ह, ८७ वरून लाइटला किंवा हॉर्नला. लाइटसाठी ८६ वर किल्लीनंतर जिवंत होणारी वायर, टेललाइटची चालेल, आणि ८५ ला अर्थिंग, म्हणजे चेसिस. हॉर्नसाठी मात्र जुन्या हॉर्नला आलेल्या दोन्ही वायरी ८५ आणि ८६ ला जोडल्या की झालं. बऱ्याच गाड्यांत हॉर्नचं बटण पॉझिटिव्ह नाही, निगेटिव्ह तोडतं. हे माहीत नसलं की माणूस दुपारभर टेस्टर घेऊन डोकं खाजवत बसतो. मीही बसलोय.

गाडी वॉरंटीत असेल तर मूळ हार्नेस (वायरींचा जुडगा) कापू नका. मधे बसणारे कपलर मिळतात. अनेक सुरांत वाजणारे आणि कर्कश हॉर्न केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ११९ मध्ये बसत नाहीत. चौकात पावती फाटली तर वायरिंग कितीही सुबक असो, उपयोग नाही.

दहा दिवसांनी गाडी सुरूच होत नाही

ही तक्रार दिवाळीनंतर हमखास येते. माणूस गावाला गेलेला, गाडी मनीषनगरच्या पार्किंगमध्ये, परत आल्यावर बटण दाबलं तर नुसतं टक-टक. कारण बहुतेकदा थेट बॅटरीवर जोडलेला यूएसबी चार्जर. मोबाइल लावलेला नसला तरी त्याचा निळा दिवा आणि आतलं सर्किट १५ मिलिअँपिअर पीत राहतं. दिवसाला ०.३६ एएच. दहा दिवसांत ३.६. बॅटरीच ४ ची!

बघायचं असेल तर किल्ली बंद ठेवून निगेटिव्ह काढा, मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून टर्मिनल आणि त्या वायरीच्या मधे धरा. दोन-चार मिलिअँपिअर ठीक, पंधरा-वीस नाही. मीटर असा जोडलेला असताना चुकूनही स्टार्टर दाबू नका, मीटर गेलाच म्हणून समजा. चार्जर रिलेवर घेतला की ही कटकट मिटते.

जोड आणि टेप

दोन तारा पिळल्या आणि वर काळी टेप गुंडाळली, हा जोड नागपुरात एक उन्हाळा काढत नाही. मे महिन्यात टेपचा डिंक वितळून बोटांना चिकटतो, टेप सरकते, आणि जूनमध्ये पहिल्या पावसाचं पाणी बरोबर तिथेच शिरतं. तारा क्रिंप (धातूच्या नळीत दाबून पक्क्या) किंवा सोल्डर करा आणि वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. लायटरच्या आचेनं ती घट्ट बसते. चार्जरकडे जाणारी वायर आधी थोडी खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोळातून टपकतं, सॉकेटमध्ये जात नाही.

लाइट मिणमिणतोय आणि फ्यूज शाबूत आहे? तर अर्थिंग तपासा. लाइट चालू ठेवा, मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी लाइटच्या निगेटिव्हवर. ०.२ व्होल्टपर्यंत चालतं. अर्धा व्होल्ट दिसला तर बोल्टखालचा रंग खरवडा, नाहीतर निगेटिव्ह सरळ बॅटरीपर्यंत न्या.

काम करताना टर्मिनल सोडवायचे तर निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी. उलट केलंत आणि पॉझिटिव्हवरचा पाना चेसिसला टेकला, तर पान्यावर खळगा पडतो. माझ्या दहाच्या पान्यावर आहे तो.

सगळं बसवून झालं की टाकी चढवण्याआधी हँडल डावीकडे शेवटपर्यंत, उजवीकडे शेवटपर्यंत वळवा आणि नेकजवळ हात लावून बघा. वायर ताणत असेल तर तो टाय कापा, बोटभर ढील द्या, परत बांधा. मनसरहून आल्यावर मी तेच केलं. नवी वायर दीड चौरस मिलिमीटरची, टर्मिनलपाशी लाल फ्यूज, हॉर्न तेच जुने. आवाज पहिल्यापेक्षा मोठा आहे.